आईनं न सांगितलेला ताप

आईला आलेला तो फोन मी चोरून ऐकला नाही. दार उघडं होतं, पडदा बाजूला सारलेला होता आणि मी उंबऱ्यात उभी राहून चपला काढत होते. जळगावहून सकाळच्या एसटीनं धुळ्याला येतेय हे मी तिला कळवलं नव्हतं. कळवलं की ती स्वयंपाकाचा घाट घालते, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायला बसते. तिनं ओट्याशी उभं राहू नये म्हणून मी हल्ली न सांगताच यायचे.

आई कॉटवर भिंतीला टेकून बसली होती. बाहेर भाद्रपदातलं ऊन होतं, देवपुरातल्या आमच्या घराचे पत्रे तडतडत होते, पंखा बंद होता आणि तिच्या अंगावर गोधडी होती. फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर होता.

"मावशी, मागच्या फोननंतर ताप आला होता का?"

"नाही."

"खोकला? चालताना दम लागतो?"

"छे हो ताई. ठणठणीत आहे मी."

"अंगावर पुरळ, जुलाब, काही वेगळं वाटलं?"

"काहीच नाही. तुमच्या लेकीची परीक्षा झाली का?"

पलीकडच्या, रुग्णालयातल्या ताई हसल्या, परीक्षा झाली म्हणाल्या, आणि पुढच्या इंजेक्शनच्या वेळी भेटू असं सांगून त्यांनी फोन ठेवला. आईचा आवाज शेवटपर्यंत सभेतल्यासारखा होता. माइक बंद पडला तरी मागच्या बाईपर्यंत पोचणारा. फोन बंद झाला आणि तिनं तोंड गोधडीत खुपसून खोकायला सुरुवात केली. तो खोकला तिनं सगळं बोलणं होईपर्यंत दाबून धरला होता.

मी जाऊन तिचा हात धरला. तो भाजत होता.

"आई, ताप आहे तुला."

"उन्हाचा आहे. तू कधी आलीस? आधी पाणी पी."

"उन्हाचा ताप गोधडीत बसतो का?"

"वकील झालीस का आता?" ती म्हणाली, आणि परत खोकली.

इथं थोडं मागचं सांगायला हवं. आईला मल्टिपल मायलोमा आहे. हाडांच्या आत जिथं रक्त तयार होतं, त्या मज्जेचा हा कर्करोग. सुरुवात पाठदुखीनं झाली. आई अंगणवाडी सेविका होती. मुलं उचलून काट्यावर ठेवायची, पोषण आहाराची पोती सरकवायची. पाठ दुखतेच या कामात, असं ती आणि तिच्या सगळ्या मैत्रिणी म्हणत राहिल्या. मग मणका खचला, तपासण्या झाल्या, आणि हिमोग्लोबिन का उतरत होतं तेही कळलं. पहिल्या औषधांनी आजार दबला आणि काही काळानं पुन्हा वर आला. तेव्हा जळगावच्या रुग्णालयातल्या डॉक्टर बाईंनी रुग्णांवर औषध तपासणाऱ्या एका अभ्यासाविषयी सांगितलं. अँटिबॉडीचं औषध होतं. आधी शिरेतून तासन् तास जायचं, आता पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन. सुरुवातीला दर आठवड्याला, मग विरळ, आता चार आठवड्यांतून एकदा.

आईनं ते औषध कसं काम करतं हे डॉक्टरांकडून समजून घेतलं आणि शेजारणींना आपल्या पद्धतीनं समजावलं. "त्या वाईट पेशींच्या अंगावर एक बिल्ला असतो. औषध तो बिल्ला बघून पकडतं. पण आपल्या काही चांगल्या पेशी, ज्या आजाराशी लढायचं सामान तयार करतात, त्यांच्याही छातीवर तोच बिल्ला. पोलीस मोर्चात घुसले की बिल्ला बघतात, माणूस बघत नाहीत. तसंच." शेजारणी माना डोलवायच्या. त्यातल्या निम्म्या तिच्याबरोबर मोर्चात गेलेल्या होत्या.

मी अशा घरात वाढले. वाचायला मी पत्रकांवरूनच शिकले. पाठ्यपुस्तक यायच्या आधी घरात पिवळ्या, गुलाबी, हिरव्या पातळ कागदांचे गठ्ठे येत. मानधन वाढवा, सेविकांना कर्मचारी म्हणा, आहार वेळेवर द्या. पाठची कोरी बाजू माझ्या गणितासाठी असायची. पुढं मीही पत्रकं लिहायला लागले, मग लेख, आणि माणसं मला लेखिका म्हणायला लागली. आई मात्र अजून म्हणते, "लांबलचक पत्रकं लिहिते ती."

त्यामुळं अभ्यासाची संमती देण्याच्या वेळी मी संमतीपत्राची प्रत्येक ओळ वाचली होती. डॉक्टर बाईंना इतके प्रश्न विचारले, की त्या शेवटी म्हणाल्या, "तुम्ही बसा, मी चहा मागवते." पहिला भाग औषध काम करतं का, याचा होता. ते करत होतं. त्या वाईट पेशी तयार करतात ते आईच्या रक्तातलं वाईट प्रथिन इतकं खाली गेलं की ती पुन्हा बाजारात भाव करायला लागली. दुसरा भाग लांब पल्ल्याचा. हे औषध वर्षानुवर्षं घेत राहिलं तर शरीराचं काय होतं? कुठले संसर्ग होतात, किती वेळा, कधी जपायला हवं? याचं उत्तर कुठल्याही यंत्रात नव्हतं. ते आईसारखी माणसं काय सांगतात त्यावर उभं होतं. म्हणून तो फोन यायचा. आणि म्हणून पहिल्या दिवशीच आम्हा दोघींना बजावून सांगितलं होतं, की ताप आला तर वाट बघायची नाही, ताबडतोब कळवायचं. या औषधावर असलेल्या माणसाला साधा ताप साधा राहीलच असं नाही.

आणि आई गोधडीत बसून म्हणत होती, ठणठणीत आहे.

"थर्मामीटर कुठंय?"

"फुटला."

तेवढ्यात शेजारच्या अक्का पेजेचं पातेलं घेऊन आत आल्या. मला बघून त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि कपाळावर हात मारला. "उनी का वं बाई? बरं जयं. तुन्ही माय कोनंच आयकत नही. कालदिनपाईन अंग तपी राह्यनं. मांगला महिनामा बी असंच जयं व्हतं. माले म्हने, पोरले सांगशी ते बोलनं बंद!"

"अक्का," आई म्हणाली, "तुमनं दूध उतू जाई राह्यनं व्हई. जा घर."

"मी दूध तापाडेलच नही," अक्का म्हणाल्या, आणि घरी जाऊन थर्मामीटर घेऊन आल्या.

मागच्या महिन्यातही. मला जास्त लागलं ते तापापेक्षा हे वाक्य. मागच्या महिन्यात आई इंजेक्शनसाठी जळगावला आली होती, माझ्या मेहरूणच्या खोलीवर राहिली होती, आम्ही तलावाकाठी बसून मक्याचं कणीस खाल्लं होतं. तिथंही ती मला काही बोलली नव्हती. डॉक्टरांनी विचारल्यावर ती 'सगळं छान' म्हणाली तेव्हा मी शेजारीच बसलेली होते.

"का?" मी विचारलं. "मला नाही सांगितलंस ते सोड. त्यांना का नाही?"

आईनं गोधडी गुडघ्यांवर नीट ओढून घेतली. मग तिनं जे सांगितलं ते इतक्या शांतपणे सांगितलं, की तिनं त्यावर पुष्कळ विचार केला होता हे कळत होतं.

"ते औषध आपल्या बाजूचं आहे," ती म्हणाली. "त्यानं मला उभं केलं. आता त्याची तपासणी चाललीय, आणि मी त्याच्याविरुद्ध साक्ष देऊ? आज ताप, उद्या खोकला, परवा दम. सगळं कागदावर चढलं, की कुणीतरी वर बसलेला म्हणेल, हे औषध धोक्याचं आहे, थांबवा. मग रावेरच्या बाईचं काय?"

रावेरची बाई मला माहीत होती. जळगावच्या त्या रुग्णालयाच्या बाकावर आईला भेटलेली. केळीच्या पॅकिंगवर काम करायची. घड धुऊन, फण्या कापून खोक्यात भरण्याचं. हात चिकानं काळे पडलेले. तिलाही हाच आजार, पण अभ्यासात तिचा नंबर लागला नव्हता. तिची मूत्रपिंडं तेव्हा फार बिघडलेली होती. आता तिचा आजार पुन्हा वर आला होता आणि हे औषध पुढं सरकारी योजनेत येईल का, आणखी कुठला अभ्यास निघेल का, याची ती वाट बघत होती. ती आईसाठी केळीचे वेफर्स आणायची आणि दर वेळी विचारायची, "तुम्हाले मानवलं ना हो मावशी? काही तरास नाही ना?" आई म्हणायची, "काही नाही. तुझाही नंबर लागेल."

"संप चालू असताना," आई मला म्हणाली, "आपल्यातलं दुखणं आपण साहेबासमोर बोलतो का? कुणाचा नवरा मारतो, कुणाचं मूल आजारी आहे, कुणाला कामावर परत जायचंय. सगळं आपल्याला माहीत असतं. पण बाहेर एकच आवाज. फूट दिसली की संपलं."

मला तिला हलवून सांगावंसं वाटलं, की हे कुणा साहेबाशी भांडण नाही. पण ते सोपं नव्हतं, कारण तिचा संशय मला परका नव्हता. कागदावर चढलेल्या गोष्टीचा उपयोग गरिबाला देण्यासाठी कमी आणि नाकारण्यासाठी जास्त होतो, हे तिनं आयुष्यभर बघितलं होतं. मी स्वतः तसं लिहिलं होतं. तिची चूक मूर्खपणाची नव्हती. आमच्यासारख्या घरातच होऊ शकेल अशी होती.

"मी डॉक्टरांना फोन करते," मी म्हणाले.

"करायचा नाही."

"आई, हा न्यूमोनिया असू शकतो."

"अंग माझं आहे. माझ्या अंगाविषयी कुणाला काय सांगायचं ते मी ठरवणार. हे कुणी लिहिलंय? गुलाबी कागदावर? देवपुरात दारोदार मी वाटलंय ते पत्रक."

ते मीच लिहिलं होतं. एका शिबिरात बायकांना नीट न सांगता तपासण्या करून घेतल्या, त्याविरुद्ध. बाईच्या शरीराचा निर्णय बाईचा, तिच्या पाठीमागं कुणी काही ठरवणार नाही. मला त्यातला एक शब्दही मागं घ्यायचा नव्हता. अजूनही नाही. पण ते लिहिताना माझ्यासमोर तापलेली आई नव्हती.

अक्का दारात उभ्या होत्या. त्यांच्या थर्मामीटरनं दाखवलं ते आम्ही तिघींनी वाचलं आणि अक्कांनी तो झटकून पदरानं पुसला. आईचा श्वास वरवर चालला होता. बोलताना ती वाक्याच्या मध्येच थांबायची, आणि आपण विचार करायला थांबलो आहोत असं दाखवायची.

तेव्हा मला वजनकाटा आठवला. मी शाळेत असतानाची गोष्ट. वरून तपासणी येणार होती, आणि सुपरवायझर बाई प्रत्येक अंगणवाडीत फिरून सांगत होत्या, की कमी वजनाची मुलं फार दिसायला नकोत, थोडं सांभाळून लिहा. आईच्या अंगणवाडीत वीटभट्टीवरच्या कुटुंबातलं एक मूल होतं, हातापायाच्या काड्या झालेलं. आईनं काटा जे दाखवत होता तेच लिहिलं. बाई घरी आल्या, चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुमच्या एका अंगणवाडीमुळं सगळ्या तालुक्याचं नाव खराब होतंय. बाकीच्यांनी नीट दाखवलंय. तुम्हीच का फूट पाडताय?" आई म्हणाली होती, "मूल बरं आहे असं मी लिहिलं, तर त्याचा जादा आहार कोण देणार? बरं असलेल्याला कुणी देत नाही." त्या बाई चहा अर्धा टाकून गेल्या. आईची पुढं कितीतरी दिवस लांबच्या बैठकांना मुद्दाम पाठवणी झाली. मी घरी कुलूप उघडून एकटी बसायचे.

मी हे तिला तसंच्या तसं सांगितलं नाही. मी फक्त म्हणाले, "सुपरवायझर बाईसुद्धा हेच म्हणायच्या. सगळ्यांचं नाव खराब होईल, सांभाळून लिहा."

आईनं माझ्याकडं असं बघितलं, की मला वाटलं ती मला मारणार. तिनं मला लहानपणीही कधी मारलं नव्हतं.

"तिची आणि माझी बरोबरी करतेस?"

"हो."

"बाहेर जा."

मी बाहेर जाऊन पायरीवर बसले. अक्का माझ्या शेजारी बसल्या. पेजेचं पातेलं मांडीवर धरून बसून राहिल्या. गल्लीत एक हातगाडीवाला वांगी विकत होता. आत आई खोकत होती आणि मी तिच्या दोन खोकल्यांच्या मधलं अंतर ऐकत होते. फोन माझ्या हातात होता. डॉक्टर बाईंचा नंबर उघडून ठेवलेला. मी स्वतःशी ठरवत होते, की तिचं बोलणं तुटायला लागलं की मी विचारणार नाही. मग ठरवत होते, की आत्ताच करते. मग वाटायचं, आई मला कधी माफ करणार नाही. आणि त्याच्या लगेच मागून वाटायचं, माफ करायला ती असली म्हणजे मिळवलं. भीती माणसाला अशी मागं-पुढं फिरवते. एका जागेवरून उठूही देत नाही.

आतून फोनची रिंग ऐकू आली. आईनं लावलेला फोन, स्पीकरवर.

"ताई," आईचा आवाज आला. या वेळी सभेतला नव्हता. "मगाशी मी खोटं बोलले."

पलीकडच्या ताईंचा आवाज एकदम बदलला. "मावशी, आत्ता ताप किती आहे? घरी कोण आहे?"

"लेक आहे. पायरीवर बसलीय रागावून. अय, ये आत. किती ताप आहे सांग."

मी आत गेले आणि सांगितलं. काही वेळात डॉक्टर बाईंचाच फोन आला. जळगावला यायचं नाही, एवढा प्रवास नको, धुळ्यातच जवळच्या रुग्णालयात आत्ता न्या, तिथल्या डॉक्टरांशी मी बोलते. अक्कांनी रिक्षा थांबवली. रिक्षात बसताना आईनं अक्कांना सांगितलं, "पेज फेकू नका, येऊन खाते." ते तिनं मला ऐकू जावं म्हणून म्हटलं होतं.

न्यूमोनियाच होता. एका फुप्फुसाचा खालचा भाग एक्स-रेमध्ये पांढरा धुरकट दिसत होता. तिथल्या तरुण डॉक्टरनं कुठली औषधं चालू आहेत विचारलं, तेव्हा मी सांगायला पुढं झाले. आईनं ऑक्सिजनचा मास्क खाली ओढला आणि मला हातानं मागं सारलं. औषधाचं नाव, शेवटचं इंजेक्शन कधी, सगळं तिनं थांबत थांबत सांगितलं. वर हेही सांगितलं, की रक्त द्यायची वेळ आली तर रक्तपेढीला या औषधाचं आधी कळवा, जुळणीची तपासणी या औषधानं फसते. त्या डॉक्टरनं तिच्या तोंडाला मास्क परत लावला आणि म्हणाला, "मावशी, कळलं. आता श्वास घ्या."

पुढचे दिवस मी त्या वॉर्डाबाहेरच्या लाकडी बाकावर काढले. मला सवय आहे. काही वाईट घडलं की मी मनात पत्रक लिहायला लागते. वर आवाहन, खाली मागण्या, आणि मध्ये जबाबदार कोण. या वेळी मी पुन्हा पुन्हा सुरुवात केली आणि दर वेळी 'जबाबदार कोण' या जागी अडकले. औषध बनवणारी कंपनी? तिनं हे धोके आधी लिहून दिले होते, मी स्वतः ते वाचले होते. डॉक्टर? त्यांनी बजावलं होतं. औषध? त्याच्यामुळंच आई एवढी वर्षं माझ्याशी भांडायला होती. राग कुठं ठेवावा ते मला कळेना. एवढंच कळत होतं, की आपल्याला मिळालेली गोष्ट टिकावी म्हणून आपण गप्प राहिलं पाहिजे असं एका बाईला वाटलं, आणि असं वाटायला तिला आयुष्यानंच शिकवलं होतं. जिला हक्कानं औषध मिळतं तिला ते हिसकावलं जाईल असं वाटत नाही. पण हे मी कुणाला उद्देशून लिहिणार होते?

सलाइनच्या थेंबांकडं बघत मी आतापर्यंत वाचलेलं सगळं आठवत होते. या औषधावर लांब काळ राहिलेल्यांना संसर्ग होतात, शरीराची स्वतःची प्रतिकारद्रव्यं कमी होतात, काही जणांना ती बाहेरून द्यावी लागतात. वाचताना ती वाक्यं होती. आता त्यातलं एक वाक्य आतल्या खाटेवर झोपलं होतं आणि त्याचा श्वास मोजणारं यंत्र अधूनमधून वाजत होतं. ते वाजलं की मी उठायचे. नर्स येऊन आईच्या बोटाचा चिमटा नीट लावायची, ते थांबायचं. मी बसायचे.

ताप उतरला. आई घरी आली, अक्कांनी नवी पेज केली. बरं वाटल्यावर आम्ही दोघी जळगावला गेलो. पारोळा, एरंडोल, गिरणेवरचा पूल. आई खिडकीशी बसून होती, तोंडावर मास्क, आणि एसटीत कुणी शिंकलं की माझा हात आपोआप तिच्या पुढं जायचा. "माशा मारतेस का?" तिनं विचारलं.

डॉक्टर बाईंसमोर तिनं कुठलीही प्रस्तावना केली नाही. "मी ताप लपवला," ती म्हणाली. "या वेळचा एकच नाही. आधीचेही सांगते. लिहून घ्या." आणि तिनं सांगितले. श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या वेळचा. त्याआधी उन्हाळ्यात, मी मुलाखतीसाठी पुण्याला गेले होते तेव्हाचा. तो सायनस म्हणून घरीच वाफ घेऊन अंगावर काढलेला. कानामागं उठलेलं गळू. ती सांगत होती, डॉक्टर बाई लिहीत होत्या, आणि मी तिच्या शेजारी बसून माझ्याच आईची हकिगत पहिल्यांदा ऐकत होते.

डॉक्टर बाई रागावल्या होत्या. आवाज चढवला नाही, पण पेन टेबलावर आडवं ठेवलं. "तुमची स्वतःची प्रतिकारद्रव्यं फार खाली गेलीयेत. मला पहिला ताप कळला असता तर मी तेव्हाच तपासलं असतं. हे इथपर्यंत आलंच नसतं."

"मग आता औषध बंद पडणार? माझ्यामुळं?"

"तुमचं इंजेक्शन मी सध्या थांबवतेय. पण तुम्ही ते विचारत नाही आहात, हो ना?"

"नाही," आई म्हणाली. "सगळ्यांचं विचारतेय."

"एका माणसाच्या न्यूमोनियानं औषध बंद पडत नसतं मावशी. त्यावरून पुढच्यांचं रक्त किती दिवसांनी तपासायचं, कुणाला आधीच जपायचं, ते ठरतं. तुम्ही सगळं छान सांगितलंत, तर आम्ही तुमच्यासारख्या पुढच्या बाईला निर्धास्तपणे घरी पाठवणार. आणि ती गावात तापानं पडून राहणार."

आईनं टेबलावरचं पेन उचलून डॉक्टर बाईंच्या हातात दिलं.

बाहेर बाकावर रावेरची बाई होती. तिची तपासणी होती. आईला बघून ती उठली. "किती वाळल्या हो तुम्ही! बरं नव्हतं का?"

"न्यूमोनिया झाला होता," आई म्हणाली. "आधीही ताप येऊन गेले. मी तुला खोटं सांगत होते."

त्या बाईचा चेहरा उतरला. "मंग ते औषध वाईट आहे का हो?"

"वाईट नाही. मी तुझ्यासमोर उभी आहे ती त्याच्यामुळंच. पण त्याच्याबरोबर जपून राहावं लागतं, आणि मी जपले नाही. तुला मिळालं, तर पहिल्या तापाला इथं फोन करायचा. लाजायचं नाही. बस, सगळं सांगते."

त्या दोघी बोलत बसल्या. मी औषधाच्या दुकानाच्या रांगेत उभी राहिले. मान वळवून बघितलं तेव्हा ती बाई पदर तोंडाला लावून ऐकत होती. तिला ऐकून धीर आला की तिचा धीर गेला, हे मला अजून माहीत नाही.

इंजेक्शन थांबलेल्या काळात मला एकाच्या जागी दोन भीती मिळाल्या. आधी ताप येईल याची होती. आता औषध नाही म्हणून आजार उठेल याचीही. रक्तातल्या त्या वाईट प्रथिनाची तपासणी व्हायची आणि रिपोर्ट येईपर्यंत मी काही लिहू शकायचे नाही. आई धुळ्याहून फोन करून विचारायची, "जेवलीस का?" आणि मी तिला विचारायचे, "ताप बघितलास का?" दोघी एकमेकींना आपापलाच प्रश्न विचारत राहायचो. रिपोर्ट चांगला आला की डॉक्टर बाई म्हणायच्या, सध्या ठीक आहे. 'सध्या' हा शब्द मी घरी घेऊन यायचे.

मग तिला शिरेतून प्रतिकारद्रव्यं द्यायला सुरुवात झाली, आणि पुरेसा काळ संसर्ग न झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, इंजेक्शन पुन्हा सुरू करायचं का. थांबवण्यात काय धोका, सुरू करण्यात काय धोका, दोन्ही समोर मांडले. नक्की कुठला रस्ता बरा ते त्यांनाही सांगता येत नव्हतं, आणि त्यांनी तसं कबूल केलं. मला त्या कबुलीनं बरं वाटायला हवं होतं. उलट माझी भीती वाढली. आईनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "तू ठरव." हे म्हणायला मला किती जड गेलं ते तिला कळलं असावं, कारण ती माझा गुडघा थोपटून मग डॉक्टरांना म्हणाली, "सुरू करा."

गेल्या आठवड्यात ते दिलं. पडद्यामागच्या खाटेवर आई पडली होती, साडी थोडी खाली सरकवलेली, आणि नर्स पोटाच्या कातडीत सावकाश औषध सोडत होती. मी पायाशी उभी होते.

"चुणचुणतंय," आई म्हणाली. "लिहा."

"इंजेक्शन चालू आहे मावशी, चुणचुणणारच."

"तुम्ही लिहा हो. नंतर खोडा हवं तर."

नर्स हसली. "आणखी काय लिहू?"

"सकाळी तोंड कडू होतं. परवा एकदा शिंका आल्या, ताप नाही. भूक चांगली आहे. लेक फार डोळे वटारते, तेही लिहा."

नर्सनं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. मलाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी मी खांदे सैल सोडले.

"आणि," आई छताकडं बघत म्हणाली, "डाव्या पायाला मुंग्या येतात. बोटांपासून वर. महिना झाला असेल."

नर्सचा हात तसाच स्थिर होता, औषध जात होतं. मी आईच्या डाव्या पायाकडं बघितलं. तो माझ्या हातापासून वीतभर लांब होता, आणि मला हे माहीत नव्हतं.